आमच्या वॉर्डाला नगरसेवक नाही

आमच्या कॅन्टोन्मेंट बोर्डाची, म्हणजे लष्करी छावणीच्या भागाचा कारभार बघणाऱ्या संस्थेची, शेवटची निवडणूक जानेवारी 2015 मध्ये झाली. तेव्हा पहिलीत असलेली पोरं आता दहावी-बारावीच्या क्लासला जातात. सदस्यांची मुदत 2020 मध्ये संपली, सहा-सहा महिन्यांची दोनदा वाढ मिळाली, आणि फेब्रुवारी 2021 पासून लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस त्या सभागृहात बसलेला नाही. याबद्दल बाहेरच्या कोणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "पण तुमच्याकडे रस्ते तर छान असतात ना?"

असतात. नाही कशाला म्हणू? घंटागाडी वेळेवर येते, जुनी झाडं शाबूत आहेत, बोर्डाच्या दवाखान्यात परवडणारे उपचार मिळतात आणि बोर्डाच्या शाळेत आजूबाजूच्या वस्त्यांतली मुलं शिकतात. माझा वाद सेवेशी नाहीच. सेवा बिघडली तर जाब कोणाला विचारायचा, एवढाच माझा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात अशी सात कॅन्टोन्मेंट आहेत: पुणे, खडकी, देहू रोड, देवळाली, कामठी, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर. मी त्यातल्या एकात राहते. कोणत्या, ते मुद्दाम सांगत नाही. घरोघरी मातीच्या चुली.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. छावणी हा विषय राज्यघटनेत केंद्राच्या यादीत आहे. त्यामुळे आमचा कारभार राज्याच्या महापालिका कायद्याने चालत नाही, 2006 च्या कॅन्टोन्मेंट कायद्याने चालतो आणि वरचं खातं म्हणजे संरक्षण मंत्रालय. अध्यक्ष निवडून येत नाही, लष्कराचा स्टेशन कमांडर हाच पदसिद्ध अध्यक्ष. सीईओ, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी, केंद्राच्या डिफेन्स इस्टेट्स (संरक्षण खात्याच्या जमिनी सांभाळणाऱ्या) सेवेतले. पन्नास हजारांहून जास्त वस्ती असलेल्या मोठ्या बोर्डात आठ सदस्य लोकांचे आणि आठ सरकारी किंवा लष्करी. समसमान मतं पडली तर अध्यक्षाचं निर्णायक मत. आणि सैन्याचं आरोग्य, कल्याण, शिस्त किंवा सुरक्षा यांना बाधा येते असं वाटलं तर अध्यक्ष बोर्डाचा ठराव थोपवून वर लष्करी कमांडकडे पाठवू शकतात. म्हणजे निवडणुका होत होत्या तेव्हासुद्धा तराजू आमच्या बाजूने झुकलेला नव्हताच. पण पारड्यात आमचं काहीतरी होतं.

आता काय आहे? कायद्यात 'व्हेरिड बोर्ड' नावाची एक तरतूद आहे. निवडून आलेलं बोर्ड नसेल तेव्हा तीन जणांनी कारभार बघायचा: अध्यक्ष, सीईओ आणि केंद्राने नेमलेला एक नागरिक. तात्पुरती सोय म्हणून ठीक आहे. आमच्याकडे ती वर्षानुवर्षं चालू आहे, मुदत संपली की पुन्हा मुदतवाढ. अध्यक्षांची बदली होते, सीईओंची बदली होते. माणसं वाईट नसतात हो, बहुतेक सज्जन असतात. पण दोन-तीन वर्षांनी जाणाऱ्या माणसाला आमच्या गल्लीच्या गटाराची आठवण कशाला राहील? आणि तिसरे जे नेमलेले असतात, त्यांची नेमणूक करणारे दिल्लीत. ते आमचं ऐकतील ते त्यांच्या भलेपणामुळे, आम्ही ऐकवू शकतो म्हणून नाही.

आमच्या मागच्या गल्लीत पावसाळी गटाराच्या चेंबरचं झाकण तुटलं. मी पोर्टलवर तक्रार टाकली. पोर्टल चांगलं आहे, घरबसल्या तक्रार जाते, नंबर मिळतो. काही दिवसांनी मेसेज आला, "तक्रार निकाली." सोबत फोटो, नव्याकोऱ्या झाकणाचा. फोटोतल्या चेंबरशेजारी पिवळी भिंत होती. आमच्या गल्लीत पिवळी भिंतच नाही. ऑफिसात गेले तर साहेब अतिशय अदबीने बोलले, मॅडम बसा, चहा घ्या, फंड आला की करू. तोवर झाकणाच्या जागी शेजारच्या वाण्याने फुटकी फरशी टाकली आणि त्यावर एक लाल पिंप ठेवलं.

आमचा जुना सदस्य काही संत नव्हता. प्रत्येक बाकावर स्वतःचं नाव, प्रत्येक गणपतीला त्याचाच फ्लेक्स. पण सकाळी डेअरीवर दूध घ्यायला गेलं की सापडायचा. चार बायकांनी मिळून गाठला की मान खाली घालून ऐकायचा, कारण पुढच्या वेळी मतं मागायला त्याला याच गल्लीत यायचं होतं. पोर्टलला ही भीती नाही.

फंडाचं म्हणाल तर साहेब खोटं बोलत नव्हते. पूर्वी बोर्डांच्या कमाईचा मोठा वाटा शहरात येणाऱ्या मालावरच्या आणि वाहनांवरच्या करातून यायचा. 2017 मध्ये जीएसटी आला आणि हे सगळं आटलं. महापालिकांना राज्याकडून भरपाई मिळते. आम्ही मात्र लोंबकळत राहिलो: राज्याच्या लेखी केंद्राचे, केंद्राच्या लेखी जीएसटीचा वाटा राज्याने द्यायचा. त्यात लष्कराच्या मिळकतींना घरपट्टी लागत नाही, कारण केंद्राच्या मालमत्तेवर कर लावता येत नाही. त्याऐवजी 'सेवा शुल्क' मिळायला हवं, आणि ते थकतं. इतका गंभीर पैशाचा प्रश्न, आणि त्यावर सभागृहात आवाज चढवणारा एकही माणूस नाही. आमदार-खासदार विशेष निमंत्रित असतात, पण त्यांना मताचा अधिकार नाही.

आणखी एक गोष्ट, जिची चर्चा बंगलेवाल्यांच्या ग्रुपवर कधीच होत नाही. मध्य प्रदेशातल्या पचमढी कॅन्टोन्मेंटच्या प्रकरणात 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की संरक्षण खात्याच्या जमिनीवरच्या अनधिकृत घरांत राहणाऱ्यांची नावं कॅन्टोन्मेंटच्या मतदार यादीत नकोत. नियमाच्या भाषेत बरोबर असेल. पण आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशी विधानसभेला मत देतात, लोकसभेला देतात, आणि ज्या बोर्डाचं पाणी भरतात त्याच्या यादीत त्यांना जागा नाही. म्हणजे उद्या निवडणूक झालीच, तरी सर्वात जास्त गरज असलेली माणसं दाराबाहेरच.

2023 मध्ये एक गंमत झाली. फेब्रुवारीत अधिसूचना निघाली, देशातल्या 57 बोर्डांची निवडणूक 30 एप्रिलला. आमच्याकडे इच्छुकांनी मिसळपावाच्या पार्ट्या सुरू केल्या, दोघांनी तर पॅम्फलेट छापली. मार्चमध्ये अधिसूचना मागे. कारण? नागरी भाग छावणीतून काढून शेजारच्या महापालिका-नगरपालिकांत घालायचे आहेत. हिमाचलमधल्या योलचं त्याच वर्षी झालंही. 2024 मध्ये मंत्रालयाने राज्यांना ढोबळ सूत्रं कळवली: नागरी सुविधांची मालमत्ता राज्याला विनामूल्य, बोर्डाची देणी-घेणी नव्या संस्थेकडे, जिथे केंद्राची मालकी आहे तिथे ती केंद्राकडेच.

हे शेवटचं वाक्य 'ओल्ड ग्रँट'च्या घरात राहणाऱ्यांनी दोनदा वाचावं. आमच्याकडे सातबारा नसतो, जीएलआरचा (छावणीच्या जमिनींच्या नोंदवहीचा) उतारा असतो. घर आमचं, जमीन सरकारची. छपराचे वासे बदलायचे तर परवानगी, वारसाचं नाव लावायचं तर खेटे, कर्ज मागायला गेलं की बँका नाक मुरडतात. विलीनीकरणाने एफएसआय वाढणार म्हणून पेढे वाटणाऱ्यांना माझा साधा सवाल आहे, जमिनीचं काय ठरलं? दवाखान्याचं काय? बोर्डाच्या कामगारांच्या पेन्शनचं काय? आम्हाला कोणी विचारलं? कोणाच्या सहीने ठरणार? त्या तिघांच्या?

महापालिकेत गेलं की सगळं सुरळीत होईल असंही नाही. पुणे महापालिकेतल्या लोकांनीही मार्च 2022 पासून कित्येक वर्षं प्रशासकच पाहिला. तेव्हा 'बोर्ड हवं की महापालिका' या भांडणात मला फारसा रस नाही. विलीनीकरण होईल तेव्हा होईल, त्याला पाच वर्षंही लागतील. तोवर निवडणूक थांबवायचं कारण नाही. उलट वाटाघाटीच्या टेबलावर बसायलाच निवडून आलेली माणसं हवीत. आणि ज्या घरांना पाणी आणि कचऱ्याची सेवा देता, त्या घरातल्या माणसाला मत द्या. नियम आड येत असेल तर नियम बदला, तो संरक्षण मंत्रालयानेच केलेला आहे.

हे व्हायला वेळ लागेल, कळतं. पण एक काम आजच होण्यासारखं आहे. कायद्याने बोर्डाची सभा लोकांसाठी खुली आहे, अध्यक्षांनी कारण नोंदवून बंद केली नसेल तर. आमच्याकडे सभेची विषयपत्रिका लागते ती कुलूपबंद काचेच्या फळीवर, इंग्रजीत. मी लेखी अर्ज दिलाय: विषयपत्रिका मराठीत, सभेच्या आधी पुरेसे दिवस, आणि सभेनंतर इतिवृत्त वेबसाइटवर. पोच घेतली आहे. नमुना खाली कमेंटमध्ये टाकते. सातही कॅन्टोन्मेंटच्या लोकांनी आपल्या बोर्डाचं नाव घालून द्या, आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या, आणि सभेला माझ्यासोबत यायचं असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. खुर्च्या कमी आहेत, उभं राहायची तयारी ठेवा.