हेलिकॉप्टरला सोनं दिसत नाही, काका

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत आलाय, आधी परळच्या काकांनी टाकला, मग आत्याने, मग अजून तिघांनी. हेलिकॉप्टरखाली मोठी रिंग लटकवून गावावरून फिरवतात, जमिनीचा एक्सरे निघतो, सोनं कुठे आणि किती टन ते लगेच कळतं, त्या किरणांनी आंब्याचा मोहोर गळतो आणि सरकार सगळं दाबून ठेवतं. मी कॉलेजात जिऑलॉजी केलंय म्हणून दर वेळी मलाच टॅग करतात, तर एकदाच लिहितो.

एक्सरे वगैरे काही नसतं हो. हेलिकॉप्टरवर मॅग्नेटोमीटर नावाचं यंत्र असतं, ते फक्त पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजतं, आपल्याकडे ते ४० हजार नॅनोटेस्लाच्या (हे त्याचं एकक) वर आहे, खालच्या दगडात मॅग्नेटाइट हे लोखंडाचं चुंबकीय खनिज कमीजास्त असलं की त्यात जरा फरक पडतो, तेवढाच पकडायचा. सोनं तर चुंबकाला दादच देत नाही. काकांच्या घरी मी मोबाइलचं होकायंत्र लोखंडी कपाटाजवळ नेलं, काटा भलतीकडेच फिरला, म्हटलं आता सांगा आत दागिने आहेत की पेपरची रद्दी? काकू हसली, काका नाही हसले. आणि हे मोजमाप किती नाजूक ते मुंबईकरांना तरी माहीत हवं, कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी व्हायच्या, पण शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवलं. आता तर लोकलच्या २५ हजार व्होल्टच्या तारा आहेत. त्यात महाराष्ट्र बहुतेक सगळा काळा कातळ, तो स्वतःच चुंबकीय, वर त्यातले लाव्हाचे बरेच थर थिजले तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते, म्हणजे कातळाचाच एवढा गोंगाट की त्याखालचं काही ऐकू येणं मुश्कील.

रिंगचं काम वेगळं. तिच्यात करंट सोडून झटकन तोडतात, त्याने जमिनीत जे प्रवाह उठतात ते विरताना ऐकायचे. तांब्या-जस्ताची सल्फाइडं, म्हणजे गंधकयुक्त खनिजं, वीज वाहतात, पण ग्राफाइटही वाहतं, ओली चिकणमातीही आणि खाडीचं खारं पाणी तर विचारूच नका. कॅनडातल्या किड क्रीक या खनिजसाठ्याची खूण हवाई सर्व्हेत १९५९ मध्ये मिळाली, पहिलं बोअर पडलं १९६३ मध्ये, तेव्हा कुठे तांबं, जस्त, चांदी खरोखर हाताला लागली. चार वर्षं तो नकाशावरचा नुसता ठिपका होता.

टनांचं तर बोलूच नका. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रला तीन हजार टनांवर सोनं सापडल्याची बातमी याच ग्रुपवर पेढ्यांच्या इमोजीसकट आली होती ना? जीएसआयने, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने, मग खुलासा केला, ५२,८०६.२५ टन खनिज आहे, टनाला सरासरी ३.०३ ग्रॅम, म्हणजे सोनं झालं साधारण १६० किलो. हवाई सर्व्हे हा शोधाच्या पहिल्या, जी-४ टप्प्यातला प्रकार, पुढे जी-३, जी-२, जी-१ आणि टनांचा आकडा येतो बोअर मारून काढलेल्या दगडातून.

मोहोराचं म्हणाल तर हेलिकॉप्टरमध्ये गॅमा किरण मोजणारं यंत्रही असतं, पण ते काहीही सोडत नाही, मातीतल्या पोटॅशियम, युरेनियम, थोरियममधून जे आपोआप येतं ते झेलतं, तेही वरच्या अर्ध्या मीटरभरातलंच. रिंग चुंबकीय झटके देते हे खरं, पण ते एक्सरेच्या जातीचे नाहीत. मोहोर तुडतुड्यांनी, भुरीने, अवकाळीने जातो, बागायतदाराला विचारा. हां, हेलिकॉप्टर खूप खालून उडतं, आवाजाने गुरं बिथरतात ही तक्रार मला पटते.

आणि दाबून ठेवतात म्हणे. जीएसआयचं भूकोश पोर्टल आहे, डिसेंबर २०२३ पासून राष्ट्रीय भूविज्ञान डेटा भांडारही आहे, नकाशे तिथे टाकतात, बघायचा कंटाळा येतो ती गोष्ट वेगळी. जमिनीची काळजी मात्र मी खोटी म्हणणार नाही, आत्या. फक्त नकाशावरच्या ठिपक्याने सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही, त्यामुळे बोअरिंगची गाडी वाडीत आली तर मला रात्री दोन वाजताही फोन कर, हेलिकॉप्टरसाठी नको.