नोट नाशिकची, गंगाजळी लंडनची

माझे आजोबा प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या मनात येत नाही, नोटाच येतात. १९२८ साली भारतात छापलेली पाच रुपयांची नोट इथूनच बाहेर पडली. त्याआधी नोटा इंग्लंडहून छापून यायच्या. याचा आम्हाला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण नोट इथे छापली म्हणजे पैसाही आपला झाला, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. तसं नव्हतं.

१८९३ मध्ये लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणं सरकारने टाकसाळींत बंद केलं. त्यानंतर सरकार जे रुपये पाडायचं, त्यातली चांदी रुपयाच्या किमतीपेक्षा स्वस्त असायची. मधला नफा १९०० पासून एका राखीव निधीत जायचा आणि तो निधी ठेवला होता लंडनमध्ये, बराचसा ब्रिटिश रोख्यांत. म्हणजे रुपया सांभाळायला ठेवलेला पैसा साहेबाच्याच सरकारला कर्जाऊ! १९०७ मध्ये तर नव्या नफ्याचा अर्धा भाग रेल्वेकडे वळवला. आपण नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो. आपली ही गंगाजळी मात्र थेम्सच्या काठी होती.

आपल्या लोकांनी याला विरोध केला, आणि मला सांगायचंय ते याच लोकांबद्दल. चलन आयोगाच्या १९२६ च्या अहवालाला मुंबईचे कापूस व्यापारी सर पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी भिन्नमतपत्रिका जोडली. रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स नको, १ शिलिंग ४ पेन्सच ठेवा, असं त्यांचं म्हणणं. निर्यातीचा माल पिकवणाऱ्याला हे लगेच कळेल: ४ पेन्सच्या दराने एका पौंडाचे १५ रुपये मिळायचे, ६ पेन्सच्या दराने साडेतेराही नाहीत. लंडनमध्ये भाव तोच, शेतकऱ्याच्या हातात मात्र कमी. तरी १९२७ मध्ये कायदा झाला तो ६ पेन्सचाच.

त्याच आयोगापुढे १९२५ मध्ये बाबासाहेबांनी साक्ष दिली होती. काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह नाशिकमध्ये प्रत्येकाला ठाऊक आहे. रुपयावर लंडनमध्ये डॉक्टरेट मिळवणारे बाबासाहेब किती जणांना ठाऊक आहेत? त्यांनी नेमकं दुखणं पकडलं: हा राखीव निधी वाढायचा असेल तर आधी आणखी रुपये पाडावे लागतात. म्हणजे देणं आणि तारण एकदमच फुगतात, मग ते तारण कसलं? रुपये पाडण्याच्या सरकारच्या अधिकारालाच मर्यादा घाला, असं ते म्हणत होते. दराबाबत त्यांचं मुंबईच्या व्यापाऱ्यांशी जमत नव्हतं. रुपया स्वस्त केला तर मजुराची मजुरी महागाईत विरघळेल, ही त्यांची काळजी. मला ती आजही पटते.

मग दुसरं महायुद्ध आलं. ब्रिटन इथून धान्य, कापड, सामान उचलायचं आणि त्याचे पौंड लंडनमध्येच आपल्या नावावर मांडून ठेवायचं. त्या पौंडांच्या जोरावर इथे नोटा निघायच्या. १९३९ मध्ये सुमारे १८० कोटींच्या नोटा चलनात होत्या, युद्ध संपताना हजार कोटींच्याही वर. आजोबा त्याच काळात प्रेसमध्ये लागले. ओव्हरटाइम इतका की घरी नुसतं झोपायला यायचे, असं आजी सांगायची. आणि त्याच पगारात बाजारातून पिशवी अर्धीच भरून यायची, हेही तीच सांगायची. मला या दोन गोष्टींचा संबंध लागायला चाळिशी उलटावी लागली.

१९४४ ला युद्धानंतरची जगाची पैशाची घडी बसवायला अमेरिकेत ब्रेटन वूड्सला परिषद भरली. तिथे रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आणि अर्थतज्ज्ञ ए. डी. श्रॉफ लंडनमध्ये अडकलेला हा आपला पैसा मोकळा करून घ्यायला झगडले. बँकेत लाखो पडलेत आणि टॅक्सीचं भाडं द्यायला खिशात पैसे नाहीत, अशा माणसाचा दाखला श्रॉफ यांनी तिथे दिला होता. मागणी मान्य झाली नाही. युद्ध संपेपर्यंत थकबाकी शंभर कोटी पौंडांच्या वर गेली, आणि स्वातंत्र्यानंतरही ती हप्त्याहप्त्यानेच मोकळी झाली.

२०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने इंग्लंडमधलं सुमारे १०० टन सोनं देशात आणल्याची बातमी आली, तेव्हा गटांवर नुसते जयघोष चालले होते. मला मात्र देशमुख, श्रॉफ आठवले आणि आजीची ती पिशवी.

युद्धकाळात प्रेसमध्ये असलेल्या कुणाच्या घरी पगाराची चिठ्ठी, हजेरीचं कार्ड, जुना फोटो असेल तर कळवा. जेलरोड, नेहरूनगर, उपनगर, कुठेही असा, मी येऊन फोटो काढून नेईन.