बलक फेकू नका, भाकर तर मुळीच नाही

आमच्या भावकीच्या ग्रुपवर एका आठवड्यात तिसऱ्यांदा तोच निरोप आला: सकाळी अंडा-भाजीचा रोल खाणं म्हणजे रोगाला आवतण. कारणं चार. बलकानं नसा तुंबतात. उन्हाळ्यात अंडं उष्ण पडतं. पांढऱ्या अंड्यात दम नसतो, खायचंच तर तपकिरी गावरान. आणि भाकरीचा रोल होत नाही, म्हणून बाजारचा मैद्याचा रॅप लागतो. तो वाचून परभणीच्या आमच्या वहिनींनी लेकरांच्या डब्यातलं अंडं काढलं आणि बिस्किटाचा पुडा ठेवला. म्हणून लिहायला बसलो.

बलकाचं आधी. एका बलकात साधारण 185 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, हे खरं. पण शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं, आणि खाण्यातून जास्त आलं की बहुतेकांचं शरीर आपलं उत्पादन कमी करतं. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढायला तूप-डालड्यातली संपृक्त चरबी जास्त कारण ठरते. अमेरिकेच्या आहारसल्ल्यातली रोज 300 मिलिग्रॅमची मर्यादा 2015 च्या आवृत्तीत काढून टाकली, ती उगीच नाही. शिवाय अंड्यातल्या सहाएक ग्रॅम प्रथिनांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त बलकातच असतात, अ आणि ड जीवनसत्त्व तर सगळंच तिथं. मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी किती खावं ते आपल्या डॉक्टरला विचारावं. पण शाळकरी पोरांचा बलक मोरीत कशाला?

उष्ण पडण्याचं काय? प्रथिनं पचवताना शरीर थोडी उष्णता काढतं, त्यांच्या उष्मांकाच्या, म्हणजे कॅलरींच्या, 20 ते 30 टक्के. अंड्यातल्या सहा ग्रॅमचे उष्मांक 24, म्हणजे उष्णता पाच ते सात कॅलरी. नुसतं बाजेवर बसलेलं माणूस तासाला साठ-सत्तर कॅलरी काढतं. म्हणजे अंड्याची गरमी पाच-सहा मिनिटं बसण्याइतकी! मे महिन्यात आपल्याकडं पारा 42 च्या वर जातो तेव्हा अडचण दुसरीच असते: दुकानाच्या दारात उन्हात रचलेले ट्रे. अशी अंडी लवकर खराब होतात. कमी आणा, सावलीतल्या दुकानातून आणा, आणि प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडून वास घ्या. ऊन त्रास देत असेल तर सोबत ताक घ्या, अंड्यावर राग नको.

कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, पौष्टिकपणावर नाही. तपकिरी म्हणजे गावरान असंही नाही. चव आवडत असेल तर खुशाल जादा पैसे द्या.

आता भाकर. निरोप लिहिणाऱ्यानं कधी काठवटीला हात लावलेला दिसत नाही. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, नसतं, म्हणून भाकर पोळीसारखी ताणली जात नाही, चिरते, एवढं खरं. पण पीठ उकळत्या पाण्यात मळून भाकर जराशी पातळ थापली तर गरम असताना छान वळते. शिवाय आमच्याकडं ती चिरली तरी बिघडत नाही. तव्यावर चमचाभर तेलात कांदा, हिरवी मिरची आणि मूठभर मेथी किंवा तांदुळजा परता, पाणी पूर्ण आटू द्या. दोन अंडी मीठ-हळद घालून फेटून वर पसरा, आणि अंडं ओलं असतानाच भाकर त्यावर दाबून ठेवा. अंडं शिजताना भाकरीला चिकटतं, चिरा आपोआप सांधल्या जातात. एकदा उलटा, गुंडाळा. भाकर तयार असेल तर सगळं दहा मिनिटांत होतं. टोमॅटो घालायचाच तर बिया काढून, नाहीतर रोल गळतो. डब्यात द्यायचा तर आधी वाफ जाऊ द्या. आणि भाकर कालची असेल तर गुंडाळायचा हट्ट नको, अर्धी दुमडून द्या. लेकरं तशीही दोन्ही हातांनीच खातात.