जाळ पाहिजे, धूर नको

कोल्हापुरात चांगल्या गोष्टीला द्यायचे शेरे तीनच: 'लई भारी', 'नाद खुळा' आणि 'जाळ अन् धूर संगटच'. मिसळ असो, कुस्ती असो, नव्या गाडीचा हॉर्न असो, एवढ्यात भागतं. ड्राय स्टाउट नावाची काळी बिअर तपासायला बसलं की भागत नाही. पुढ्यात 50 गुणांचा कागद असतो: वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडात कशी लागते त्याला 5 आणि एकूण मताला 10. शिवाय गुण का कापले तेही लिहायचं. माझ्या टेबलावरचे जाणकार दिसण्याच्या 3 गुणांवर अर्धा तास भांडतात आणि चवीच्या 20 गुणांपुढं 'बरी हाय' लिहून मोकळे होतात.

पहिलं भांडण 'ड्राय' या शब्दावरून. आपल्याला ड्राय म्हटलं की ड्राय डेच आठवतो. इथं ड्राय म्हणजे गोडवा न उरलेली. यीस्टनं खाण्यासारखी साखर जवळपास संपवलेली असते, पाण्याची घनता 1 धरली तर 1.040 च्या आसपासची घनता आंबवण संपेपर्यंत 1.010 च्या आसपास उतरते. घोट गेल्यावर जीभ कोरडी पडली पाहिजे. गुऱ्हाळावरची काकवी आठवली तर बिअर कदाचित चांगली असेल, पण ती या जातीची नव्हे.

दुसरा गैरसमज रंगाचा. "काळी हाय म्हणजे कडक असणार भावा." नसते. ड्राय स्टाउटमध्ये अल्कोहोल साधारण 4 ते 5 टक्के, म्हणजे परमिट रूममधल्या 'स्ट्राँग'पेक्षा बरंच कमी. एके काळी पोर्टर नावाच्या काळपट बिअरमधल्या कडक प्रकाराला स्टाउट म्हणत. ताकद उतरली, नाव राहिलं. तालीम सोडलेल्या पैलवानाला गल्ली अजून पैलवानच म्हणते, तसं.

आता ग्लास. फेसाचा मोठा वैरी म्हणजे तेलकटपणा, आणि कोल्हापुरात ओठाला तर्री न लागलेला माणूस दुपारी एकनंतर सापडत नाही. मिसळ खाऊन आलेल्या परीक्षकानं ग्लासला ओठ लावला की तिथपासून फेस मरायला लागतो. मग हाच गृहस्थ 'फेस टिकत नाही' म्हणून बिअरचा एक गुण कापतो. साबणाचा थर राहिला तरी तीच गत. म्हणून मी ग्लास आतून ओला करून चिमूटभर मीठ भुरभुरवतो. मीठ सगळीकडं सारखं चिकटलं तर काच स्वच्छ, जिथं चिकटत नाही तिथं तेल. मग पुन्हा धुवायचा आणि उपडा ठेवून आपोआप निथळू द्यायचा. खांद्यावरच्या टॉवेलनं पुसणाऱ्या पोऱ्याला लांब ठेवायचं.

फेस आम्हाला कळत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. गंगावेशीत म्हशीची धार थेट ग्लासात घेऊन पिणारं गाव आहे हे. नायट्रोजन वायू भरलेल्या स्टाउटचा फेस त्याच घराण्यातला: बारीक, दाट, ओठावर मिशी काढणारा. नायट्रोजन बिअरमध्ये फार कमी विरघळतो, त्याचे बुडबुडे बारीक राहतात आणि सोड्यासारखं जिभेला टोचत नाही. म्हणूनच हलकी बिअरही तोंडात जड वाटते. गिनेस या नामांकित आयरिश स्टाउटची तर ओतायची रीतच आहे: ग्लास 45 अंशात तिरका धरून पाऊण भरायचा, स्थिर होऊ द्यायचा, मग वरचा भरायचा, सगळे मिळून 119.5 सेकंद. त्या मधल्या वेळेत "बंद पडलं काय हो मशीन?" हा प्रश्न दोनदा येतो. तेवढ्यात ग्लासच्या कडेनं बुडबुडे खाली जाताना दिसतात. हा चढण्याआधीचा भास नव्हे. वर रुंद होत गेलेल्या ग्लासात मधली बिअर वर चढते, कडेची खाली उतरते आणि बारीक बुडबुड्यांना सोबत ओढते.

गारठा हा आणखी एक लफडा. "चिल्ड हाय न्हवं?" या प्रश्नानं स्टाउटचा निम्मा जीव जातो. बर्फासारख्या गार बिअरला वास सुटत नाही आणि कडूपणा तेवढा पुढं येतो. 8 ते 12 अंशांवर ती बोलायला लागते. फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवावी. मे महिन्यात मात्र पाठ फिरवली की कोमट होते. एका वेळी 60 मिलि पुरे. गाडीची किल्ली ओतण्याआधीच न पिणाऱ्याकडं द्यायची.

ओतल्याबरोबर आधी हुंगायचं, कारण वास थांबत नाही; रंग थांबतो. रंगासाठी मागून मोबाइलची बॅटरी लावायची. कडेला डाळिंबी छटा दिसली तर उत्तम, दिसली नाही तरी चालतं. गढूळ मात्र नको.

खरी परीक्षा भाजणीची. या बिअरचा काळा रंग आणि कॉफीसारखी चव येते ती मोड न आणता भाजलेल्या बार्लीतून. 10 किलो धान्याचा सरधोपट हिशेब असा: 7 किलो पेल माल्ट (मोड आणून हलकी वाळवलेली बार्ली), 2 किलो पोह्यासारखी चेपलेली बार्ली आणि 1 किलो भाजलेली. ती एक किलोच सगळा तमाशा करते. ज्या घरात उन्हाळ्यात वर्षाची चटणी डंकावर जाते, तिथं हे समजावावं लागत नाही. खोबरं तपकिरी होऊन घमघमलं की कढई उतरवायची. क्षणभर उशीर झाला की काळं, कडू, आणि सासू तिखट. स्टाउटमध्ये तपकिरीच्या पुढची, काळ्याच्या अलीकडची तीच जागा शोधायची. कोरी कॉफी, कडू चॉकलेट, भाकरीचा करपट पापुद्रा: गुण द्या. राख लागली, घसा खरवडला: कापा. आणि धूर लागला तर नक्की कापा. जाळ अन् धूर संगटच या बिअरमध्ये चालत नाही.

घोट गिळावाच लागतो. निम्मा निकाल तो उतरल्यानंतर कळतो. बारीकसा आंबटपणा भाजणीचा असतो, त्याला हात लावू नये. शिळ्या ताकासारखी आंबली असेल तर जंतू शिरलेत. लोण्याचा वास आला तर यीस्टला काम पुरं करू दिलं नाही. उकडलेलं कणीस आलं तर उकळी कमी पडली किंवा झाकण ठेवून उकळलं. भिजलेला पुठ्ठा म्हणजे हवा लागून शिळी झालेली. दुसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखी जीभ आवळली तर धान्य फार गरम पाण्यानं धुतलंय.

आणि 'मला दोन बिअरमधला फरक डोळे झाकून कळतो' म्हणणारा प्रत्येक टेबलावर असतोच. त्याच्यापुढं तीन ग्लास ठेवायचे, दोन सारखे, एक वेगळा, आणि वेगळा ओळखायला सांगायचं. नुसत्या अंदाजानंही तिघांत एकदा बरोबर येतं, त्यामुळं एकदा जिंकून मिशीला पीळ देता येत नाही. बाराजण असतील तर किमान आठांचं बरोबर आलं पाहिजे, तरच फरक खरा धरायचा. थोड्या नमुन्यांवरून मोठं बोलू नये याचं गणितही डब्लिनच्या गिनेस कारखान्यातल्याच विल्यम गॉसेटनं मांडलं, 1908 साली, 'स्टुडंट' या टोपणनावानं. हे सांगितल्यावर आमचे बहाद्दर म्हणतात, "मग त्यालाच बोलवा की."

दोन ग्लासांमध्ये पाण्याचा घोट आणि कोरड्या पावाचा तुकडा. चकण्याची मसाला शेंग नको. तिखट जिभेवर बसलं की पाण्यानं उतरत नाही आणि 4 टक्क्यांच्या अल्कोहोलनंही नाही. म्हणून तांबडा-पांढरा येण्याआधी मी सगळ्यांच्या सह्या घेतो. सहीनंतर कागदावर तर्री सांडली तर सांडू दे. आधी सांडली तर रंगाच्या रकान्यात 'लालसर छटा' लिहून कुणीतरी तिन्हीच्या तिन्ही गुण देऊन टाकतो.