चार नंबरचा पर्याय

टर्मिनलवर टाइप करायच्या, रोज लागणाऱ्या कमांड्स माझ्या मोजून १२. त्यातल्या ९ पाठ होत नाहीत आणि उरलेल्या ३ चुकीच्या पाठ झाल्यात. फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकमध्ये फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली की आतला माल जातो आणि न दिली की अख्खा फोल्डर जातो, हे दर वेळी माल जाऊन पडल्यावरच आठवतं. कंट्रोल-आर दाबून हिस्टरी चाळावी, तर कमांड्स चालवणारा शेल, म्हणजे बॅश, मुळात शेवटच्या ५०० कमांड्सच लक्षात ठेवतो आणि त्यातल्या निम्म्या फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस' असतात. मग सगळ्यांना सुचतं तेच मलाही सुचतं. एक मेन्यू करू. कमांड्स कॉन्फिग, म्हणजे सेटिंग्जच्या, फाइलीत लिहू, स्क्रिप्ट ती वाचेल, यादी दाखवेल, आपण फक्त नंबर दाबायचा. अर्ध्या तासाचं काम.

हा अर्धा तास फाइलीचा फॉरमॅट ठरवण्यातच संपतो. जेसन, यॅमल आणि टॉमल हे सेटिंग्ज लिहायचे फॉरमॅट. जेसनमध्ये कॉमेंट, म्हणजे माणसासाठीची टीप, लिहिता येत नाही. म्हणजे 'ही कमांड घाईत चालवू नये' हे सांगायचं कुठे? यॅमल दिसायला गरीब गाय, पण शिंगं आत. कमांडमध्ये कोलन आणि त्यापुढे स्पेस आली की त्याला वाटतं, नवी जोडी सुरू झाली. स्पेसनंतर हॅश आला की पुढचं सगळं कॉमेंट. यॅमलच्या १.१ आवृत्तीप्रमाणे फाइल वाचणारे प्रोग्रॅम, म्हणजे पार्सर, 'नो' हा शब्द नकार म्हणून वाचतात, त्यामुळे देशांच्या कोडमधून 'एनओ' कोडचा नॉर्वे बेपत्ता होतो. फाइलीच्या परवानगीच्या रकान्यात ०७५५ लिहिलं तर ते अष्टमान, म्हणजे ० ते ७ अंकांचं, धरून ४९३ हातात ठेवतात, आणि ते ४९३ परवानग्या बदलणाऱ्या सीएचमॉडला दिलं की तो म्हणतो, अष्टमानात ९ हा अंकच नसतो. दोघंही बरोबर, चूक फक्त आपली. शिवाय यॅमलला टॅबने इंडेंट केलेलं खपत नाही. टॉमल सज्जन आहे, एकेरी कोटातलं जसंच्या तसं ठेवतो. पण बॅशला टॉमल वाचता येत नाही, त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवा. १२ ओळींच्या यादीसाठी हे म्हणजे फारच झालं.

माझं मत विचाराल तर साधी टेक्स्ट फाइल घ्यावी. एका ओळीत एक पर्याय, तीन रकाने: नाव, वर्णन, कमांड. मधे काय घालायचं? कोलन नको, तो यूआरएलमध्ये येतो. उभी रेघ तर मुळीच नको, अर्ध्या कमांड्स त्या रेघेवर, म्हणजे एकीचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या पाइपवरच जगतात. उरला टॅब. यॅमलने दारातून हाकललेला टॅब इथे जावई होऊन बसतो.

आणि जावयासारखाच वागतो. ओळ कुठे तोडायची हे सांगणाऱ्या आयएफएसमध्ये टॅब ठेवून रीड कमांडने ओळ वाचली, की बॅश टॅबला स्पेसच्याच जातीचा समजतो, आणि लागोपाठ आलेले दोन टॅब एकच धरतो. कंटाळा करून वर्णन रिकामं ठेवलं, तर कमांड सरकून वर्णनाच्या जागी बसते आणि कमांडचा रकाना रिकामा. मेन्यूत सगळं छान दिसतं, दाबलं की काही होत नाही. म्हणून रिकाम्या रकान्यात निदान एक डॅश हवा. रीडला आर हा ऑप्शनही द्यायचाच, नाहीतर तो उलट्या तिरक्या रेघा गिळतो. फाइलीच्या शेवटी एंटर मारायला विसरलात तर साधा लूप शेवटची ओळ वाचूनही सोडून देतो.

पुढची खोड जास्त गमतीची. फाइल वाचणाऱ्या लूपच्या पोटातच 'चालवू का?' असं विचारलं, की उत्तर कीबोर्डवरून येत नाही. स्टँडर्ड इनपुटला, म्हणजे स्क्रिप्ट जिथून वाचते तिथे, फाइल जोडलेली असते, त्यामुळे पुढची ओळच उत्तर म्हणून येते. मेन्यू स्वतःच विचारतो, स्वतःच उत्तर देतो, आपण नुसते बघतो. लूपमध्ये दुसऱ्या मशीनवर नेणारा एसएसएच असेल तर तो उरलेली फाइलच एका घोटात पितो. इलाज सोपा: आधी मॅपफाइल कमांडने सगळ्या ओळी मेमरीतल्या अॅरेमध्ये घ्या, मग प्रश्न विचारा. मॅकवरच्या ३.२ आवृत्तीच्या बॅशमध्ये मॅपफाइल नाही. तिथे फाइल डिस्क्रिप्टर ३ वर, म्हणजे कीबोर्डपेक्षा वेगळ्या वाटेने, उघडून वाचा.

यादी दाखवायला बॅशचा स्वतःचा सिलेक्ट आहे. प्रश्नाचा मजकूर ठेवायच्या पीएस३ मध्ये काही ठेवलं नाही तर तो हॅश आणि प्रश्नचिन्ह दाखवून थांबतो, जणू त्यालाच कोडं पडलंय. १२ पर्याय असताना ४४ दाबलं तर व्हेरिएबल रिकामं येतं; ते न तपासता मजकूर कमांड म्हणून चालवणाऱ्या इव्हलला दिलं, तर इव्हल रिकामी कमांड चालवून यश मिळाल्याचं कळवतो. हे परवडलं. परवडत नाही ते नंबरांचं सरकणं. महिनाभरात बोटांना पाठ होतं, ४ म्हणजे लॉग बघणे. मग कुणीतरी, म्हणजे मीच, यादीच्या वरच्या बाजूला एक नवी ओळ घालतो. लॉग ५ वर जातो आणि ४ वर येतं 'जुने बॅकअप पुसा'. बोटांना ही बातमी कुणी देत नाही. म्हणून नवी ओळ कायम तळाशी घालावी, नाहीतर प्रत्येक पर्यायाला फाइलीतच एक पक्कं अक्षर द्यावं. पुसापुशीच्या पर्यायाला 'वाय' दाबून सुटका देऊ नये. वाय दाबायला बोट मेंदूची वाट बघत नाही. पर्यायाचं अख्खं नाव टाइप करायला लावावं.

टाइप करत यादीतून शोधून देणारा एफझेडएफ हा प्रोग्रॅम घेतला तर नंबरांची कटकटच मिटते. नावातली दोन अक्षरं टाइप केली की पुरे. टॅब डिलिमिटर, विथ-एनटीएच या ऑप्शनने फक्त पहिला रकाना दाखवायचा, निवडलेल्या ओळीतून कट कमांडने तिसरा काढायचा. एस्केप दाबून बाहेर पडलं तर तो १३० हा अपयशाचा कोड परत करतो. स्क्रिप्टमध्ये अपयश आलं की थांबवणारं सेट-ई असेल तर ती तिथेच गप्पकन मरते.

मराठी नावं देण्याचा मोह मात्र आवरावा, निदान रकाने सरळ रेषेत हवे असतील तर. बॅशचा मजकूर छापणारा प्रिंटएफ २० ची रुंदी बाइट्समध्ये मोजतो. 'बॅकअप' हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट्सचा. प्रिंटएफ त्यापुढे ५ स्पेस टाकून मोकळा होतो. पडद्यावर शब्द जेमतेम ४ घरं व्यापतो, म्हणून वर्णन २० ऐवजी ९ घरांनंतरच सुरू होतं. मी वर्णन खालच्या ओळीवर टाकून हा वाद मिटवतो.

'प्रोजेक्टमध्ये जा' हा पर्यायही प्रत्येक जण घालतोच. स्क्रिप्ट त्या फोल्डरमध्ये जाते, संपते, आणि आपण होतो तिथेच उभे. सीडी, म्हणजे फोल्डर बदलणं, केलं ते पोटच्या प्रोसेसने; आईच्या शेलला पत्ताच नाही. मेन्यू स्क्रिप्ट न ठेवता बॅश सुरू होताना वाचतो त्या बॅशआरसी फाइलीत फंक्शन करावा, मगच जाता येतं. आणि कॉन्फिग म्हणजे आता चालणारा कोडच आहे, तेव्हा त्या फाइलीची परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी, ठेवावी.

सगळ्यात जास्त दाबला जाणारा पर्याय असतो 'मेन्यू दुरुस्त करा'. दाबला की फाइल एडिटरमध्ये उघडते, आणि टॅबच्या जागी ४ स्पेस घालायची सेटिंग त्या एडिटरमध्ये कुणीतरी, म्हणजे पुन्हा मीच, करून ठेवलेली असते. विम या एडिटरच्या इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल-व्ही दाबून मग टॅब दाबला तर खरा टॅब पडतो. लिनक्सवर फाइल दाखवणाऱ्या कॅटला मोठा ए दिला की टॅबच्या जागी टोपी (^) आणि आय दिसतो. ओळीच्या शेवटच्या डॉलरआधी टोपी आणि एम दिसला, तर ती फाइल विंडोजवर जाऊन आलेली आहे. हे रोज कोण बघणार, म्हणून एडिटर बंद होताच ऑक कमांडने प्रत्येक ओळीतले रकाने मोजायचे आणि ३ नसतील तिचा नंबर छापायचा.

तो छापतो: ओळ १३, रकाने १. मी 'मेन्यू दुरुस्त करा' दाबतो.