‘सुटले म्हणजे निर्दोष नव्हे’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जालना जिल्ह्यातल्या सहा जणांच्या खटल्यावर तुमचं म्हणणं असं, की कोर्टाने संशयाचा फायदा दिला, म्हणजे वकिलाला पळवाट सापडली. आणि सुटल्यावर नाव साफ करायचं उरतंच काय?

गुन्हा 2003 चा, नाशिकजवळचा. हल्ल्यातून वाचलेल्या बाईंनी लगेचच पोलिसांच्या अल्बममधून चार फोटो ओळखले होते. त्यात या सहांपैकी एकही नव्हता, आणि त्या चौघांचा तपासच झाला नाही. पुढे बोट या भटक्या जमातीतल्या मजुरांकडे वळलं. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. हायकोर्टाने 2007 मध्ये तिघांची शिक्षा कमी करून जन्मठेप केली, तर 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सहाही जणांना फाशीचीच शिक्षा दिली. हा निकाल त्याच कोर्टाने 2018 मध्ये मागे घेतला, कारण ज्यांची शिक्षा वाढवली त्यांचं त्यावर म्हणणंच ऐकलं नव्हतं. 5 मार्च 2019 ला सगळे निर्दोष सुटले. निकालात त्यांना खोटं गोवल्याचं म्हटलंय. फोटो ओळखल्याचा कागद इतकी वर्षं रेकॉर्डवरच होता. याला पळवाट कशी म्हणायची?

एक चूक माझी. आधी लिहिताना ‘भरपाई हा त्यांचा हक्कच’ हे वाक्य मी सैल लिहिलं. यांना प्रत्येकी 5 लाख मिळाले ते कोर्टाच्या आदेशाने. चुकीच्या शिक्षेच्या भरपाईचा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. सरकारला कायद्यांबाबत सल्ला देणाऱ्या विधी आयोगाने 2018 च्या 277 व्या अहवालात तो सुचवला, तेवढंच.

आता नाव साफ करण्याचं. निकालाचा कागद आपल्या पायाने पोलीस ठाण्यात जात नाही. अपिलाचा निकाल ज्या कोर्टाने शिक्षा दिली तिथे कळवला जातो. पुढे ठाण्याच्या रजिस्टरला आणि कॉम्प्युटरला जुनीच ‘शिक्षा’ राहू शकते. माणूस जालन्यातल्या भोकरदनचा, गुन्हा नाशिकचा, अपील मुंबईला (नाशिक हायकोर्टाच्या जवळच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येत नाही). म्हणजे तीन ठिकाणच्या खेपा, मजुराची तितकी रोजंदारी बुडाली.

म्हणून आधी निकालाच्या सहीशिक्क्याच्या चार-पाच नकला काढाव्यात. हातात आल्या की आरोपी क्रमांक, गुन्हा रजिस्टर नंबर आणि नावाचं स्पेलिंग तिथेच तपासावं. ‘शिंदे’ आणि ‘शिंधे’ यातल्या फरकावरही काम अडतं. मग एक नक्कल ज्या ठाण्यात गुन्हा आहे तिथे, एक स्वतःच्या गावच्या ठाण्यात, एक जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात. अर्जात सरळ लिहायचं, ‘अमुक तारखेच्या निकालाने निर्दोष, नोंद दुरुस्त करावी.’ आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोहोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. तोंडी ‘होऊन जाईल’ला किंमत नाही. दाद लागली नाही तर त्याच पोहोचा जोडून हायकोर्टात रिट याचिका (पोलिसांना तसा आदेश द्यावा अशी मागणी) करता येते, आणि वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा.

वाळूजच्या कंपनीत वॉचमनची नोकरी धरायची तरी चारित्र्य पडताळणी येतेच. फॉर्मवर ‘कधी गुन्हा दाखल झाला होता का?’ असं विचारलं असेल, तर सुटका झाली म्हणून ‘नाही’ लिहू नये. ‘होय, अपिलात निर्दोष’ असं लिहून नक्कल जोडावी. सरकारी नोकरीत माहिती दडवली तर लपवाछपवीवरूनच ती जाऊ शकते, मग निर्दोष असूनही पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या.