दहा नावाची रिकामी फाइल

कोथरूडच्या आमच्या ऑफिसात अकाउंट्सचे काका चहाचा कप घेऊन थेट माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"माझ्या फोल्डरमध्ये '१०' नावाची रिकामी फाइल कुणी केली?"

"शेलनं."

"तो कुठे बसतो?"

शेल हा माणूस नाही, लिहिलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम. त्या कमांडची फाइल म्हणजे स्क्रिप्ट, आणि ती मी लिहिलेली नाही. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून सुखात आहे. पण जाब मीच द्यायचा! काकांनी स्क्रीनवरच्या [ $hajeri > 10 ] या ओळीवर बोट ठेवलं. "इथे हजेरी दहापेक्षा जास्त आहे का, एवढंच विचारलंय. फाइल कर असं कुठे म्हटलंय?"

काकांचं बरोबर होतं, हेच जास्त झोंबलं. जुना [ हा कंस नाहीच, ती कमांड आहे आणि शेवटचा ] हा तिचा आर्ग्युमेंट, म्हणजे तिला दिलेला शब्द. त्यामुळे > दिसताच शेल 'आउटपुट या फाइलमध्ये टाक' असं समजतो आणि १० नावाची फाइल करून मोकळा होतो. कमांडच्या हाती उरते नुसती हजेरी. काहीतरी मजकूर आहे ना, मग उत्तर 'हो'. हजेरी दोन असली तरी 'हो'.

"मग दोन कंस टाक."

दोन कंसांचा [[ आला १९८८च्या कॉर्न शेलमधून, आणि बॅश या दुसऱ्या शेलमध्ये १९९८ साली. हा शेलचा स्वतःचा कीवर्ड, म्हणजे वेगळी कमांड नाही, शेलच्याच भाषेतला शब्द, त्यामुळे 'मार्च पगार' अशा स्पेसवाल्या नावाचे तो तुकडे करत नाही. जुन्यात तुकडे होतात, म्हणून अवतरणचिन्हं विसरलात की 'टू मेनी आर्ग्युमेंट्स'. पण > इथे अक्षरं जुळवतो, आणि ९ येतो १ च्या नंतर, म्हणून नऊ दहापेक्षा मोठे.

काकांनी कप टेबलावर ठेवला. "नऊ. दहापेक्षा. मोठे."

"हो."

"मग तीन कंस टाक."

आकड्यांसाठी मायनस जीटी (-gt, म्हणजे 'पेक्षा मोठा') लिहायचं, ते दोन्हीकडे चालतं. जुना [ दुरुस्त का करत नाहीत, हा काकांचा पुढचा प्रश्न. कारण ते तुकडे होण्यावरच कित्येक जुन्या स्क्रिप्टी जगतात: एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या डब्यात, चार ऑप्शन कोंबायचे आणि शेलनं ते सुटे करायचे. दुरुस्ती केली की त्या बंद. म्हणून जुन्याला हात लावायचा नाही, शेजारी नवीन बांधायचं आणि दोन्हींचे नियम आपण पाठ करायचे.

बरं, नवीन सगळीकडे चालेल म्हणाल तर तेही नाही. उबुंटू या लिनक्समध्ये २००६पासून एसएच, म्हणजे सिस्टिमचा साधा शेल, हा डॅश नावाचा. तिथे [[ ला उत्तर 'नॉट फाउंड', आणि इफमध्ये, म्हणजे 'असं असेल तर'च्या ओळीत, असेल तर अट खोटी धरून स्क्रिप्ट निमूट पुढे. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत 'बॅशनं चालव' असं लिहून भागत नाही. कुणी 'एसएच' लावून चालवली तर ती ओळ नुसती कॉमेंट. आमच्या क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्टी चालवणाऱ्या यादीत, नेमकं तेच लिहिलंय, आणि तेवढे दोन शब्द बदलायला वरच्यांची मंजुरी लागते म्हणे.